पाटकऱ्याच्या डोक्यातलं पाणी

"अंगावर लोखंड आहे का?" हा प्रश्न मी नोकरीत जितक्या वेळा विचारला, तितक्या वेळा घरी नवऱ्याला "जेवलात का?" असंही विचारलेलं नाही. नवऱ्याची याबद्दल तक्रार आहे आणि ती रास्त आहे. आता निवृत्त झाले तरी खोड जात नाही. परवा एका लग्नात एक बाई माझी ओटी भरायला वाकल्या, त्यांच्या अंबाड्यातले आकडे दिसले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हे आधी काढून ठेवा." त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.

वर्ध्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी एमआरआय मशीनवर काम केलं. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिथली मंडळी लेखात आपण कुठं आलो आहोत ते शोधत बसतील आणि नसलो तर रुसतील. एमआरआय म्हणजे एक भलंमोठं चुंबक. त्याला आरपार बोगदा, आणि बोगद्यात माणूस झोपवायचा. हे चुंबक कधी बंद होत नाही. वीज गेलेली असो की पोळ्याची सुट्टी असो, ते आपलं ओढायच्या तयारीत बसलेलं असतं. म्हणून दाराशी कोणीतरी खाष्ट सासूसारखं उभं राहून प्रत्येकाची झडती घ्यावी लागते. ती सासू मी होते.

तळेगावहून एक आजी आल्या होत्या. लोखंड आहे का म्हटल्यावर "नाई वं माय" म्हणाल्या आणि मग पदरातून एक सेफ्टीपिन काढली. "हे एकच होती." मग बाहीतून एक. मग बांगडीत अडकवलेल्या चार. शेवटी कमरेच्या पिशवीतून अडकित्ता निघाला, तेव्हा आमचे मदतनीस प्रल्हादभाऊ म्हणाले, "आजी, सुपारी आनली असंल तं ते बी द्या." दुसरे एक कापडाचे व्यापारी. दुकानाच्या किल्ल्या करदोट्याला बांधलेल्या. सोडायला तयार नाहीत. शेवटी तोडगा निघाला की किल्ल्या मी काचेपलीकडे त्यांना दिसतील अशा हातात धरून उभं राहायचं. मी राहिले. पण गृहस्थ दर मिनिटाला मान वळवून किल्ल्या आहेत की नाहीत ते बघत होते, त्यामुळं छायाचित्रात त्यांना तीन नाकं आली. आणि मशीनचा आवाज ऐकून बाहेर आलेला प्रत्येक शेतकरी एकच विचारायचा, "आत थ्रेशर लावलं का वो?"

पण मला सांगायची आहे ती तुळशीरामजींची गोष्ट.

तुळशीरामजी हिंगणीचे. बोर धरणाच्या कालव्यावर पाटकरी म्हणून त्यांची सारी नोकरी गेली. पाटकरी म्हणजे कोणत्या चारीत, कोणाच्या वावरात, कधी आणि किती पाणी सोडायचं ते बघणारा माणूस. पाण्यासाठी भांडणाऱ्या लोकांना आयुष्यभर गप्प बसवलेलं, त्यामुळं आवाज मोठा आणि अंगात रग. आमच्याकडे आले तेव्हा आवाज तेवढा शिल्लक होता. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. उचलतच नव्हते, नुसते घासत यायचे. वळायचं म्हटलं की जागच्या जागी आठ-दहा पावलं टाकून वळायचे. लघवीवर ताबा नव्हता. आणि बोलता बोलता मध्येच हरवायचे. गावातल्या डॉक्टरांनी वय झालं म्हणून सोडून दिलं होतं.

मुलगा गजानन. त्याचं बोरगाव मेघेला विजेच्या सामानाचं दुकान. त्यानं आईबापाला आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं होतं. सेवा करण्यात कसूर नव्हती, पण म्हातारा रोज एकच धोशा लावायचा, "मले हिंगणीले नेऊन दे." तिथं घर होतं, अंगण होतं, ओट्यावर बसायला येणारी माणसं होती. अडचण इतकीच की तिथला संडास अंगणाच्या पार टोकाला. गजाननची अट साधी होती. ती त्यानं माझ्यासमोरच पुन्हा सांगितली, "बाबा, सोताच्या पायानं संडासले जाऊन दाखवा. त्याच दिवशी नेऊन देतो."

"आन् नाई जाता आलं तं?"

"मंग इथंच राहा. डायपर हाय."

तुळशीरामजींच्या बायकोनं, शेवंताबाईंनी, खिडकीकडे तोंड फिरवलं. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला गप्प बसलेलं पाहून मला वाईट वाटलं.

त्यांची तपासणी पाण्याची होती. आपल्या मेंदूच्या आत पोकळ खोल्या असतात आणि त्यात पाणी तयार होत राहतं, दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास. ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, तिथून मेंदूच्या बाहेरून फिरतं आणि शेवटी रक्तात जिरतं. शेवटच्या दोन खोल्यांमधली वाट फारच अरुंद, शिसपेन्सिलीतल्या शिशाएवढी. हृदयाचा ठोका पडला की त्या वाटेतून पाणी खाली सरकतं आणि लगेच थोडं वर येतं. काही म्हाताऱ्या माणसांत हे पाणी नीट जिरेनासं होतं. खोल्या हळूहळू फुगतात, शेजारच्या नसा ताणल्या जातात आणि आधी चाल बिघडते, मग लघवी, मग आठवण. गंमत अशी की दाब मोजला तर बहुतेक वेळा जवळपास ठीकच निघतो, म्हणून हा आजार वर्षानुवर्षं वयाच्या नावावर खपून जातो. त्या अरुंद वाटेत मात्र पाण्याची ये-जा पुष्कळदा फार जोरात चाललेली दिसते. बोटाला चिमटा लावून हृदयाच्या ठोक्याबरोबर ती ये-जा मोजायची, हे माझं काम.

तुळशीरामजींची मोजणी झाली. ते चित्र हलतं दिसतं. पाणी खाली जाताना पांढरा ठिपका, वर येताना काळा. मी ते त्यांना दाखवलं, कारण त्यांनी विचारलं, आणि पाटकऱ्याला पाणी दाखवायचं नाही तर कोणाला?

ते बराच वेळ बघत राहिले. "मॅडम, हे तं जागच्या जागी नाचून राह्यलं. पुढं जातच नाई."

"म्हणूनच नळी टाकायची आहे," मी म्हटलं.

नळीचं काम आमच्या न्यूरोसर्जन सरांचं. त्या शस्त्रक्रियेला शंट म्हणतात. मेंदूच्या खोलीत एक बारीक नळी घालायची, ती कवटीतून बाहेर काढून कानामागे कातडीखाली एका झडपेला जोडायची आणि तिथून मानेतून, छातीवरून, सगळी कातडीखालूनच, पोटात नेऊन सोडायची. पाणी पोटात जिरतं. सरांनी हे अगदी मन लावून समजावलं आणि संमतीसाठी पेन पुढे केलं. तुळशीरामजींनी पेन घेतलं नाही.

"पानी कोनाच्या वावरात सोडून राह्यले?"

"वावरात नाही काका, पोटात."

"तेच इचारतो. पोटाले इचारलं का? त्याची पाळी नसताना पानी सोडलं तं उद्या तेच बोंबलंल."

सरांनी पोटातल्या पडद्याबद्दल सांगितलं, तो पाणी कसा शोषतो ते सांगितलं, कागदावर काढून दाखवलं. तुळशीरामजी हलेनात. शंका एकामागून एक. वरच्याचं पाणी खालच्याला देता, पण वरच्याला कमी पडलं तर? उन्हाळ्यात काय? शेजारच्या लिव्हरच्या हद्दीत शिरलं तर? सर पुण्याकडचे, शांत स्वभावाचे, पण त्या दिवशी त्यांचाही धीर सुटला. "अहो काका, डोकं तुमचं, पोटही तुमचंच! दोन्ही वावरं एकाच मालकाची आहेत!"

"मंग भांडन नाई," तुळशीरामजी म्हणाले आणि सही केली.

शस्त्रक्रियेआधी एक चाचणी करतात. कमरेतून सुई घालून थोडं पाणी काढतात आणि चाल सुधारते का ते बघतात. सुधारली तर नळीचा उपयोग होईल अशी आशा धरायला जागा असते. तुळशीरामजींचं पाणी काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंताबाई डबा धुवून येतात तो पलंग रिकामा. त्या धावत आमच्या विभागापर्यंत आल्या. सगळे शोधायला. वॉर्डाच्या टोकाला संडासाचं दार आतून बंद. शेवंताबाईंनी दार ठोठावून ठोठावून वॉर्ड डोक्यावर घेतला.

"अवो, हाय का आत? बरे हाय ना?"

आतून कालव्यावरचा आवाज आला, "हावो, आतच हाय! दोन सालानं एकटा आलो, बसू दे ना शांत!"

सगळा वॉर्ड हसला. शेवंताबाई हसल्या आणि तिथंच भिंतीला टेकून डोळे पुसायला लागल्या. दोन-तीन दिवसांनी काढलेल्या पाण्याचा असर संपला आणि पाय पुन्हा चिकटले. पण आता त्यांना स्वतःलाच चव लागली होती. शस्त्रक्रिया कधी, म्हणून रोज विचारायला लागले.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. कानामागची झडप कितपत दाबाला उघडावी हे बाहेरून, चीरफाड न करता बदलता येतं. सरांकडे त्यासाठी चुंबकाचं एक लहानसं यंत्र असतं. सुरुवातीला पाणी बेतानंच सोडतात, कारण एकदम जास्त उपसलं तर मेंदू आत खेचला जाऊन भोवती रक्त साचू शकतं. तुळशीरामजींना हे पटत नव्हतं. तपासणीला आले की सरांना विचारायचे, "गेट किती उघडलं? अजून उघडा ना. टेलच्या मानसाले पानी पोचाले पायजे." टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. इथं टेलचा माणूस कोण, ते सरांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला वाटतं ते पायांबद्दल बोलत होते.

काही आठवड्यांनी मी पुन्हा मोजणी केली. त्या अरुंद वाटेतला धिंगाणा बसला होता. पाण्याला दुसरी वाट मिळाली होती, म्हणून इथली ढकलाढकली कमी झालेली. गजानननं दोन्ही वेळची छायाचित्रं उजेडाला धरून बघितली आणि तोंड वाकडं केलं, "खोल्या तं तेवढ्याच मोठ्या दिसून राह्यल्या. काय फायदा?" हे खरं होतं, खोल्या बहुतेक वेळा फारशा लहान होत नाहीत. पण गजानन हे बोलत होता तोवर त्याचे वडील उठून बाहेर जाऊन चहा घेऊन आले होते. त्याच्यासाठीसुद्धा.

एमआरआयच्या चुंबकानं ती झडप सरकू शकते, म्हणून स्कॅननंतर सर ती तपासतात. त्या दिवशीही तपासली, ठीक होती. अट पूर्ण झाली. गजानननं शब्द पाळला आणि आईबापाला हिंगणीला नेऊन सोडलं.

दिवाळीनंतर ते परत आले ते व्हीलचेअरवर. पुन्हा तेच. पाय चिकटलेले, कपडे ओले, बोलताना मध्येच हरवणं. गजानन दारातूनच माझ्यावर तापला.

"मॅडम, तुमच्या मशीननंच बिघडवलं! इथून गेले तवा चांगले होते. मीच म्हटलं होतं, झडपीवाल्या मानसाले चुंबकात काऊन टाकता!"

झडप तपासली होती हे माहीत असूनही मी त्या दिवसाची नोंद पुन्हा काढून बघितली. सर बाहेरगावी होते, दुपारी पोचणार होते. नळी बुजली असावी असा वॉर्डातल्या डॉक्टरांचा अंदाज. म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा भूल, पुन्हा डोकं उघडायचं. त्याआधी एमआरआय करून घ्या, झडप काय ती स्कॅननंतर सर बघतीलच, असा निरोप आला. गजानननं बाहेर बसल्या बसल्या आईला सांगून टाकलं, "आता हिंगणी नाई. कायमचं बोरगावले." तुळशीरामजींनी ते ऐकलं. या वेळी त्यांना त्यावर आवाजही चढवता आला नाही. मला चीड आली आणि ती कोणावर काढावी ते कळेना.

मी नेहमीप्रमाणे विचारलं, "अंगावर लोखंड?" काही नव्हतं. शेवंताबाईंनी सगळं आधीच काढून ठेवलं होतं, आता त्या या कामात तरबेज झाल्या होत्या. फक्त म्हणाल्या, "तेवढी उशी त्याईच्या डोक्याखाली द्याजो. त्याच्याबिगर त्याईले झोप नाई." फुलाफुलांची खोळ घातलेली, दिसायला साधी उशी. मी आत संगणकापाशी गेले. तुळशीरामजी अजून दाराबाहेर स्ट्रेचरवरच होते. प्रल्हादभाऊंना म्हाताऱ्याची दया आली आणि ते उशी मशीनच्या फळीवर मांडून ठेवायला म्हणून पुढे गेले.

मी काचेतून पाहिलं ते असं. प्रल्हादभाऊ उशी दोन्ही हातांत धरून उभे आहेत. मग उशी हातांत नाही. ती फुलाफुलांची उशी हवेतून सरळ बोगद्याच्या तोंडावर जाऊन थाडकन चिकटली आणि तिथंच राहिली, वटवाघूळ बसावं तशी. प्रल्हादभाऊ आपल्या रिकाम्या हातांकडे बघत होते. दचकून मागं सरले आणि सगळ्या विभागाला ऐकू जाईल असे ओरडले, "मॅडम, उशी पयाली!"

दोघांनी मिळून ती बाजूला सरकवत सरकवत सोडवली, बाहेर आणली आणि खोळ उसवली. आत कापूस होता. कापसात ओळीनं शिवलेली गोल, काळी चुंबकं.

प्रल्हादभाऊंनी उशी गजाननच्या मांडीवर ठेवली. "गजाननभाऊ, हा कापूस कोन्या वावरचा?"

गजाननच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग विचार, मग काहीच नाही. हळूहळू सगळं बाहेर आलं. दुकानाच्या जोडीला तो या उश्या विकायचा. चुंबकानं रक्ताभिसरण वाढतं, मेंदू तल्लख होतो, असं त्याला कंपनीच्या मोठ्या सभेत शिकवलं होतं आणि त्याचा त्यावर मनापासून विश्वास होता. वडील हिंगणीला निघाले तेव्हा सगळ्यात भारी उशी त्यानं त्यांना दिली. "लवकर बरे व्हावे म्हनून," तो म्हणाला. तुळशीरामजी रोज रात्री उजव्या कुशीवर झोपायचे. झडप उजव्या कानामागे. बापाच्या डोक्यातलं गेट मुलगा रोज प्रेमानं बंद करत होता.

इतका वेळ मी धरून ठेवलं होतं, पण आता मला हसू आवरेना. प्रल्हादभाऊंनी मला बघितलं आणि तेही सुटले. शेवंताबाईंना काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी उशी उचलली आणि गजाननच्या पाठीत दोन घातल्या. तशी ती बरीच जड होती.

सर आले. त्यांनी यंत्रानं झडप वाचली. ती सरकून पार वरच्या टोकाला गेली होती, म्हणजे पाणी जवळपास अडलेलंच. त्यांनी ती पूर्वीच्या जागी आणली. नळी कुठंच बुजली नव्हती आणि दुसऱ्या दिवशीची शस्त्रक्रिया रद्द झाली. गजानन माझ्यापाशी येऊन उभा राहिला. शेवटी म्हणाला, "मॅडम, तुमचं मशीन लय पावरफुल हाय." मी ती माफी समजून घेतली.

हे सगळं हसत लिहिते आहे, पण सगळ्यांचं असं होत नाही. त्याच सुमारास एक बाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या वाटेतलं पाणी तुळशीरामजींपेक्षाही जोरात नाचत होतं. नळी टाकली, पाणी शांत झालं, माझी मोजणी नमुनेदार आली. बाईंनी मात्र पुढेही मुलीला ओळखलं नाही. पाण्याचा वेग मला मोजता यायचा. माणूस कितपत परत येईल, हे त्यावरून सांगणं मला कधीच जमलं नाही. मुलगी दर वेळी माझ्याकडे आशेनं बघायची आणि मी आकडे वाचून दाखवायची, याची रुखरुख मला आजही आहे. तुळशीरामजींचंही सगळं परतलं नाही. पाय आले, लघवी बरीचशी ताब्यात आली, पण नातवांची नावं उलटसुलट होतात ती होतातच.

झडप पूर्वीच्या जागी आणल्यावर काही दिवस त्यांना वॉर्डातच ठेवलं होतं. सुट्टी मिळाली त्या दिवशी मी मुद्दाम दारापर्यंत गेले. गजानन गाडी आणायला पुढे गेला होता. हिंगणीलाच जायचं ठरलं होतं. तुळशीरामजी व्हीलचेअर नको म्हणाले आणि त्या लांबलचक कॉरिडॉरमधून निघाले. कालव्याच्या बांधावरून चालावं तसे, हात मागं बांधून. दाराशी पोचले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की बाजूला कोणी नाही. त्यांनी वळून पाहिलं. एकाच पावलात वळले, ते मी पाहिलं.

शेवंताबाई पार मागं राहिल्या होत्या. एक हात कोपरातून वाकवून बाजूला धरलेला, जणू त्यात कोणाचा तरी दंड आहे. आणि पाय अगदी बारीक बारीक, घासत टाकलेले.

"काऊन वं? पाय दुखून राह्यले का तुहे?"

"नाई."

"मंग लवकर चाल ना."

शेवंताबाई थांबल्या. त्यांनी आपल्याच पायांकडे पाहिलं, मग त्या वाकवलेल्या हाताकडे. "दोन साल अशीच चालली ना वो तुमच्यासंगं," त्या म्हणाल्या. "आता मले लवकर चालताच येत नाई."

दारापासून सगळा कॉरिडॉर चालत तुळशीरामजी परत मागे आले, तिच्या वाकवलेल्या हातात आपला दंड दिला आणि म्हणाले, "चाल मंग, हळूच चाल. मले घाई नाई."